कडूबाचा जोड
गाडीखालून बाहेर सरकत कडूबानं हातातली बॅटरी विझवली आणि राजानंद सरांना सरळ सांगून टाकलं, "सर, हिला खाली हाडंच न्हाईत. ट्रॅक्टरसारखी चॅसी न्हाई, समदी बॅटरीच पसरलीय. हूक लावू कुठं?"

मंठ्याच्या बाहेर, जालना रोडला कडूबाचं ट्रॉल्या बांधायचं वर्कशॉप. तीस वर्षांत तालुक्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली होती, की कडूबानं मारलेला जोड सुटत नाही. चाक निखळेल, ट्रॉली उलटेल, पण जोड जागचा हलणार नाही. केलेल्या कामावर नाव घालायची त्याला हौस नव्हती. लोक असं म्हणतात, यातच गडी खूश होता.

सरांचं काम मात्र जगावेगळं होतं. मुलानं, सूरजनं, पुण्याहून बॅटरीवर चालणारी गाडी घेऊन दिली, आणि सरांनी त्याच्या माघारी एक जुनं चाकांवरचं घर विकत आणलं. आत पलंग, शेगडी, कमोड, सगळं होतं. सरांच्या बायकोचे, गिरिजाबाईंचे, गुडघे कामातून गेलेले, परक्या ठिकाणी त्यांची फार आबाळ व्हायची. पण बोधगया बघायची आस काही सुटत नव्हती. मग घरच सोबत न्यायचं, असं सरांनी ठरवलं. ही गाडी ओढकामाची नाही, हे सूरजनं फोनवर दोनदा सांगितलं. पण ज्या माणसानं पस्तीस वर्षं पोरांना 'ऐका' म्हणून सांगितलं, तो स्वतः कशाला कुणाचं ऐकतोय?

कडूबाही आधी नकोच म्हणाला होता. पण त्याची लेक तृप्ती आज नर्स आहे ती सरांच्या शिकवणीमुळं. त्यात गिरिजाबाई वर्कशॉपातल्या खुर्चीवर बसून हळूच म्हणाल्या, "कडूबाभाऊ, एकदा बघू द्या मला." आठवडाभर खपून त्यानं गाडीच्या मागच्या आडव्या पट्टीला धरून लोखंडी चौकट बसवली, तिला हूक जोडला. हातोडीनं ठोकून बघितलं तर जोड खणखणीत वाजला.

मग सामान भरणं आलं. गिरिजाबाईंना बाहेरचं पाणी बाधायचं, म्हणून दोनशे लिटरची टाकी घरूनच भरून न्यायची होती. सर ती चाकांवरच्या घरात पुढच्या अंगाला ठेवत होते. कडूबानं अडवलं. उसाची ट्रॉली पुढून जड झाली की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं, हे त्यानं उभ्या जन्मात शंभरदा पाहिलं होतं. "वजन मागं टाका, सर. बिलकुल मागच्या भिताडाला. गाडीवर भार येणार न्हाई." टाकी मागे गेली. तिच्यामागोमाग गॅस आणि तांदळाचा डबाही गेला.

नव्या ट्रॉलीचा पहिला फेरा कडूबा स्वतः सोबत बसून मारायचा. तसा इथंही बसला. गावातल्या गावात, पंचवीस-तीसच्या वेगानं. गाडी घर घेऊन निघाली ती अजिबात आवाज न करता, आणि हेच त्याला खटकलं. भार झेपेनासा झाला की ट्रॅक्टर कण्हतो, धूर ओकतो. ही गाडी काहीच बोलत नव्हती. रेसवरून पाय उचलला की आपली आपणच थांबायला बघायची, आणि मागचं घर तिच्या पाठीत हलकीशी ढुसणी द्यायचं. कडूबाला भीती वाटली. कशाची, ते नीट सांगता येईना. म्हणून त्यानं जोडच पुन्हा एकदा तपासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर आणि गिरिजाबाई निघाले. एका चार्जिंगवर गाडी एकटी तीनशे किलोमीटर जायची, घर लावल्यावर जेमतेम सव्वाशे. सरांनी चार्जिंगचे सगळे थांबे वहीत उतरवले होते. कडूबा "जय भीम, वहिनी" म्हणाला तेव्हा गिरिजाबाई लहान मुलीसारख्या हसल्या.

तासाभरानं सरांचा वाटूरवरून फोन आला. चहा झाला, सगळं बराबर आहे, फक्त पन्नासच्या पुढे गेलं की मागचं घर शेपूट हलवतं, म्हणाले.

"काय न्हाई सर, अजून पुढूनच जड असंल," कडूबा म्हणाला. "बाकीचं सामान बी मागं सरकवा."

सरांनी बरं म्हणून फोन ठेवला. वर्कशॉपात वसंता बसला होता. लग्नकार्याला जनरेटर द्यायचा त्याचा धंदा. जनरेटरची गाडी जीपमागं ओढून तो जिल्हाभर फिरायचा. त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"काका, काय सांगून राह्यले तुम्ही? वजन चाकाच्या पुढं पायजे. मागं गेलं की शेपूट मारतं. तुमचा ट्रॅक्टर वीसनं चालतो, म्हणून तुम्हाला कधी दिसलं न्हाई."

कडूबानं फोन लावला, पुन्हा लावला, सात वेळा लावला. घंटी वाजत राहिली. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, असं सर वर्गात शिकवायचे, आणि शिकवलेलं ते स्वतः कधी मोडत नसत. गिरिजाबाईंकडे फोनच नव्हता. वसंतानं जीप काढली.

वाटूरच्या पुढच्या उतारावर माणसं जमलेली दिसली. घर आडवं होऊन कपाशीत पडलं होतं आणि त्यानं गाडीलाही आपल्यासोबत ओढून उलटं केलं होतं. जोड सुटला नव्हता. सुटला असता तर घर एकटंच खाली गेलं असतं.

गिरिजाबाईंना घरातल्याच चादरीनं झाकलं होतं. सर शेजारी मातीत बसले होते, कपाळाला कुणीतरी रुमाल बांधलेला. कडूबाला बघून ते म्हणाले, "जोड पक्का निघाला रे तुझा. मीच घाबरून एकदम पाय उचलला."

तेच हवालदार लिहून घेत होता, चालकाची चूक म्हणून. कडूबा त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, माझं बी लिहा. हूक मी केला. वजन मागं टाका म्हणून मीच सांगितलं. दोनदा सांगितलं."

हवालदारानं नाव विचारलं. तीस वर्षांत कुठल्याच कामावर न घातलेलं नाव कडूबानं बापाच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं, आणि तो लिहीपर्यंत उभा राहिला. सरांनी मान वर केली. बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग दुसरीकडे तोंड फिरवलं.

फुटलेल्या टाकीतलं पाणी कपाशीच्या सरीत उतरत होतं. वारा सुटला होता, चादरीचं एक टोक सारखं उडत होतं. कडूबा खाली बसला आणि ते टोक दोन्ही हातांनी धरून राहिला.