धन्यवादानंतरचे दहा अंक

सुज्ञ वाचकहो, दूरचित्रवाणीवरील एक नामवंत वार्ताहर बाई पत्रकारिता सोडून राज्याच्या राजकारणात कशा उतरल्या, आणि उतरताना एका खोलीत दहा अंक मोजून होईपर्यंत काय घडले, ती हकिकत मी आपणांपुढे सादर करीत आहे. माझे शिक्षण सातवीत थांबले. तथापि जे या डोळ्यांनी पाहिले, ते यथाशक्ती मांडीन.

एकोणीस वर्षे मी त्या बाईंचा कॅमेरामन होतो. कॅमेऱ्यामागे मी तसूभर हलत नसे, म्हणून ऑफिसात मला सर्वजण खांब म्हणत. बाई तेवढ्या खांबदादा म्हणत. त्या काळचा कॅमेरा इतका जड की माझा उजवा खांदा कायमचा उतरला. शर्ट शिवताना आमचा शिंपी हटकून विचारी, दोन्ही बाह्या एकाच माणसाच्या ना? बाई प्रश्न तळहातावर लिहीत. जीपच्या मागच्या बाकावर आम्ही एक बिस्किटांचा पुडा दोघांत संपवीत असू, आणि शेवटचे बिस्किट कोणाचे यावर त्या माझ्याशी सख्ख्या बहिणीसारख्या भांडत. किती साधे दिवस होते ते!

आमच्या कामाची एक रीत होती, आणि ती बाईंनीच घालून दिली होती. मुलाखत संपून ‘धन्यवाद’ म्हटले, तरी कॅमेरा बंद करावयाचा नाही. मनात दहा अंक मोजावयाचे. माणूस खरे बोलतो तो धन्यवादानंतर, असे त्यांचे म्हणणे. मी कॅमेऱ्याखालच्या तिकाटण्याच्या दांड्यावर बोट टेकवीत मोजी. शहरालगतच्या एका गावातील प्रसूतिगृहाला टाळे लागले, बायकांना दाराच्या फळीवर निजवून दूर न्यावे लागे, तेव्हा तेथील अधिकारी सातव्या अंकाला बोलून गेला की टाळे वरून सांगून लावले आहे. त्या एका बातमीने बाई घरोघरी पोहोचल्या. एका पक्षाने उमेदवारीसाठी त्यांना बोलावले, तेही त्याच बळावर.

उमेदवारांची यादी दुसऱ्या दिवशी लागावयाची होती. आमच्या नव्या वार्ताहर मुलासोबत मी त्यांची मुलाखत घेण्यास गेलो. पक्ष कार्यालयातील ती लहानशी खोली, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, आणि माझ्या कॅमेऱ्यासमोर प्रथमच बसलेल्या बाई. मुलाने विचारले, प्रसूतिगृह उघडणार का? बाई पुष्कळ बोलल्या, पण त्यात हो नव्हते आणि नाहीही नव्हते. अशा उत्तराला त्या पूर्वी गुळगुळीत गोटा म्हणत. मुलाने धन्यवाद म्हटले व तो वायर गुंडाळू लागला.

माझे बोट आपोआप मोजू लागले. बाईंनी सुस्कारा सोडला. कॉलरचा माइक अजून तसाच होता.

“त्या प्रसूतिगृहाचं पुन्हा विचारू नकोस रे,” त्या मुलाला म्हणाल्या. “ती जागा दुसऱ्या कामाला द्यायचं ठरलंय. मला गप्प बसायला सांगितलंय, आणि मी बसणार आहे.”

आपलीच रीत त्या विसरल्या होत्या. इतक्यात त्यांची नजर माझ्या बोटावर गेली आणि चेहरा उतरला.

“खांबदादा, किती झाले?”

“सात.”

मुलाला काही उमगेना. दारातील पक्षाचा माणूस मात्र पुढे सरसावला व कॅमेरा बंद करा म्हणू लागला. मी बाईंकडे पाहिले. उद्याची यादी त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होती.

“बंद करू, बाई?”

“कॅमेरा चालू ठेवताना मी कधी कुणाला विचारलं होतं का?” त्या हळूच म्हणाल्या. “मोजा पुढं.”

मी आठ मोजले, नऊ मोजले. दहाला त्या थेट कॅमेऱ्यात पाहून म्हणाल्या, “आत्ता बोलले ते खरं आहे. पण गप्प मी बसणार नाही. हे दाखवा.”

ते त्याच संध्याकाळी दाखविले गेले. दुसऱ्या दिवशीच्या यादीत बाईंचे नाव नव्हते. त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि पडल्या. मात्र प्रसूतिगृहाच्या जागेला हात लावण्याचे धाडस अद्याप कोणास झालेले नाही, आणि पुढील निवडणुकीसाठी बाई आतापासून दारोदार हिंडत आहेत.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला, शेवटचे बिस्किट न भांडता माझ्यापुढे सरकविले आणि विचारले की त्या दिवशी माझ्या मनात काय होते. मी म्हणालो, सवयच ती. ते पूर्ण खरे नव्हते. पाचव्या अंकाला माझे दुसरे बोट बंद करण्याच्या बटणावर गेले होते. मला माझ्या बाई वाचवावयाच्या होत्या. त्यांनी ‘किती झाले’ असे विचारले नसते, तर मी बटण दाबले असते. हे त्यांना तोंडावर सांगणे मला जमले नाही. त्या वाचतील, म्हणून येथे लिहिले.

आपण आपला बहुमोल वेळ दिलात, याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
खांब, कॅमेरामन