धर्मा आजोबांच्या अंगठ्यातला एकशे सव्वीस

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोआरएनए, म्हणजे पेशीत राहणारा एक चिमुकला रेणू आहे. घाबरू नका, मी चावत नाही. भिंगातूनही दिसणार नाही इतका मी बारका. माझं नाव एकशे सव्वीस. आमच्या बारशाला शास्त्रज्ञ बसले होते, त्यांना नावं सुचेनात, म्हणून त्यांनी नंबर वाटले. आमच्यात चार-दोन दिवस टिकला की तो म्हातारा, तेव्हा मला जुना म्हणायला हरकत नाही.

धसईजवळच्या एका गावात धर्मा आजोबा राहतात. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या एका पेशीत माझा जन्म झाला. तेव्हा मी चांगला लांबलचक होतो. पेशीतल्या कात्र्यांनी मला छाटून छाटून एवढासा केला आणि कामाला जुंपलं. काम काय, तर दुसऱ्याला गप्प बसवणं! पेशीत सारखे निरोप फिरत असतात. 'दुरुस्ती थांबवा' असा निरोप निघाला, की मी त्याच्या मानगुटीवर बसायचं. निरोप गप्प, दुरुस्ती सुरू. जखम भरली की लोक मलमाचं कौतुक करतात. असो.

पूर्वी म्हणे या अंगठ्यात आम्ही एकशे सव्वीस नावाचे असंख्य जण दाटीवाटीने नांदायचो. मग आजोबांना मधुमेह झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या आजोबांनी कोनाड्यात ठेवल्या. साखर सोडली, पण चहात गूळ सुरू केला. "गुळानं काय व्हतंय?" असं ते सगळ्यांना विचारायचे. जे व्हायचं ते आत आमचं होत होतं. रक्तातली साखर वाढत गेली आणि आम्ही कमी होत गेलो. शेजारच्या नसा तर केव्हाच बधिर होऊन पडल्या होत्या.

यंदा राब भाजायचा दिवस आला. भाताचं बी पेरण्याआधी जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून पेटवतात, तो राब. आजोबांच्या घरची रीत अशी, की राबात चपला घालून जायचं नाही. सगळे गरम राखेच्या कडेकडेने, नाचत उड्या मारत चालत होते. आजोबा मात्र सरळ मधून गेले.

"अरं, काकाचा पाय पोळतच नाय!" शेजारचा नवसू ओरडला.

"अंगात देव हाय माझ्या," आजोबा म्हणाले, आणि नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा चालून आले. मी आत कपाळ बडवत होतो. मला कपाळ नाही, तरी बडवत होतो.

संध्याकाळी ते पडवीत पाय पसरून बसले, तेव्हा सरस्वती आजीला त्यांचा तळवा दिसला. अंगठ्याखालचा फोड फुटून कातडं लोंबत होतं.

"अवो, ह्ये काय?"

"कुठं काय?"

आजीनं जखमेवर बोट दाबलं. आजोबा तिच्याकडे बघून हसतच राहिले. तेव्हा आजी रडायला लागली. मलाही फार वाईट वाटलं. अंगठा वाचवायचा होता आणि हाताशी माणसं नव्हती.

सकाळी आजीनं त्यांना एसटीत घालून मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. तोवर माझ्या पेशीनं मला पुडीत बांधून रक्तात सोडून दिलं होतं. वाहत कोपरापर्यंत आलो, तोच सुई आली आणि मी थेट नळीत! टेबलावरून मला सगळं दिसत होतं.

डॉक्टरीणबाई आजोबांचा तळवा हातात धरून म्हणाल्या, "आजोबा, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

आजोबांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. "टोचा की बाई आता!"

"केव्हाच टोचलं, आजोबा."

आजोबांनी डोळे उघडले. त्यांनी आजीचा हात धरला. "बोट ऱ्हाईल ना?"

"आज आणलंत, म्हणून राहील. पण गोळ्या रोज घ्यायच्या आणि चपला राबातसुद्धा घालायच्या."

"आन् गुळाचा डबा माझ्याकडं," आजी म्हणाली. देवाचं नाव कुणी काढलं नाही.

माझ्या नळीत त्यांनी साखर मोजली. माझी कुणी विचारपूससुद्धा केली नाही. आम्हाला मोजून हा त्रास आधीच ओळखता येईल का, हे शास्त्रज्ञ शोधताहेत म्हणे. शोधोत बापडे. तोवर मित्रांनो, तुम्ही एक काम करा. तुमच्या आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर आज घरी गेल्यावर त्यांच्या तळव्यांना गुदगुल्या करा. ते हसले, तर तुम्हीही हसा. नाही हसले, तर त्यांना चपला घाला आणि दवाखान्यात न्या.