आत्याची चव

“तुम्हीच खाऊन बघा, बाई,” मालकांनी परत आलेल्या केकचा तुकडा आत्यापुढे धरला. “मुंग्यासुद्धा पाणी मागतील.”

आत्याने तुकडा तोंडात टाकला आणि तिचा चेहरा उतरला. मी शाळेत जायच्या आधीपासून या बेकरीतलं क्रीम तिच्या जिभेच्या हुकमावर चालत आलं होतं.

“काल मला फिकं लागत होतं हो,” ती पुटपुटली. “म्हणून साखर घालत गेले.”

“उद्याची ऑर्डर मोठी आहे. जमत नसेल तर तयार क्रीमचे डबे मागवतो. हल्ली सगळे तेच वापरतात.”

मालक पुढे दुकानात गेले तसं मी हळूच विचारलं, “मी दिलेला पाला कधी चघळलास?”

“क्रीम फेटायच्या आधी.”

“मी जेवणानंतर म्हटलं होतं ना?”

“जेवणानंतर मी गोड खाते का कधी? खाते ती इथे. एक चमचा चवीचा आणि नऊ माझे. चोर शिरतो त्याच दाराला कुलूप लावणार ना मी?”

वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. मी वनस्पतींमधल्या रसायनांविषयी शिकत असल्याने घरच्यांच्या लेखी अर्धी डॉक्टर. ‘चरबी वितळवणारं एखादं झाड दे’, असा तिने धोशा लावला. तसलं झाड मला ठाऊक नव्हतं. शेवटी डॉक्टरांना विचारून मधुनाशीची पानं आणून दिली. त्यांतले रेणू जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा अडवून बसतात; मग काही वेळ साखर वाळूसारखी लागते. याने वजन उतरेलच असं नाही, हेही मी बजावलं होतं.

“काम करताना तेवढी नको चघळूस,” मी म्हटलं.

“म्हणजे पुन्हा नऊ चमचे.” ती स्टुलावर बसून गुडघा चोळू लागली. “काटा पहिल्यांदाच जरा खाली सरकलाय गं. मला गच्चीवर जायचंय. तुझे काका चादरी वाळत घालतात की बोळे करून फेकतात, देव जाणे.”

ती उठली. मग तिने ॲप्रनच्या खिशातून पान काढून चघळलं, लोणी आणि पिठीसाखर भांड्यात घेतली आणि फेटायला लागली.

“ये इकडे. तोंड उघड.”

तिने चमचा माझ्या तोंडात घातला. “गोडीचं प्रमाण जरा...” मी सांगू लागले.

“बोलू नकोस. बोललीस की शिकलेलं बोलशील.”

ती वाकून माझ्या भुवया, गाल, गळा निरखत होती. तिने आणखी मूठभर साखर घातली, फेटलं, दुसरा चमचा दिला. मग चिमूटभर मीठ. तिसरा चमचा माझ्या घशाखाली उतरला तशी ती म्हणाली, “झालं.”

मालकांनी येऊन बोटावर घेऊन चाखलं. मग दुसरं बोट बुडवलं.

“डब्यांचं राहू द्या,” म्हणत ते भांडं घेऊन गेले.

आत्याने चमच्याला लागलेलं क्रीम सवयीने चाटलं. जीभ टाळूला लावून जरा थांबली, मग चमचा बेसिनमध्ये ठेवला.

“कसं झालंय गं?”

“छान.”

“छान काय नुसतं? नीट सांग.”

मी आठवून आठवून सांगू लागले. आत्या ओट्याला टेकून, डोळे मिटून ऐकत होती.