उसनं नाक

माझी बायको नाकावर माशी बसू देत नाही. त्याच नाकाला गेल्या वर्षीच्या तापानंतर वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला!

तिचा मसाल्याचा, सुक्या फळांचा केक दोन्हीकडच्या नातेवाइकांत प्रसिद्ध. मनुका किती भिजल्यात यावर दर वेळी भाजायचा वेळ बदलतो, म्हणून ती घड्याळाकडे बघायचीच नाही. आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि एकदम उठायची, "झाला!" मी वायरमन; हौसेने ओव्हनला घंटी बसवून दिली होती. ती अजून एकदाही वाजलेली नाही. केकला सुई टोचून बघणाऱ्यांकडे पाहून तर बायको नाक मुरडते.

तापानंतरचा पहिला केक करपला, दुसरा मध्ये कच्चा राहिला. परवा तिने वहिनीला, म्हणजे तिच्या भावाच्या बायकोला, फोन केला. "रविवारी एक शेवटचा करून बघते. नाही जमला तर आईचं केकचं भांडं तू घेऊन जा." जुनी चादर देऊन टाकावी इतक्या साध्या आवाजात बोलली. मी मात्र ताट बाजूला सारलं.

"माझं नाक घे की," मी म्हणालो.

"तुमचं? दूध उतू जाऊन करपतं तरी पेपरातून डोकं वर येत नाही तुमचं!"

तरी रविवारी तिने कालवलेलं मिश्रण माझ्या नाकाखाली धरलं. "काय येतंय?"

"केकचा वास."

"अहो, केक व्हायचाय अजून!"

"बरं, दालचिनी. जायफळ. आणि लवंग तर काय, मस्तच!"

तिने लवंगेच्या पुडीची डबी माझ्यासमोर ठेवली. "ही मी अजून घातलीच नाही." मी चांगलाच तोंडघशी पडलो. हसेल असं वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले. "मला खूश नका करू हो. खोट्या वासाचं मी काय करू?"

लवंग पडली, भांडं ओव्हनमध्ये गेलं. मी समोर स्टूल घेऊन बसलो आणि ठरवलं, आता जे येईल तेच सांगायचं.

"काही नाही."

"अजून काही नाही?"

"लोणी. थांब, संत्र्याची साल."

ती पदराचं टोक पिळत मागे उभी. बऱ्याच वेळाने लवंग आली, खरी लवंग. मग साखरेचा गोडवा मागे सरला आणि काहीतरी गरम, दाट असं पुढे आलं. हा वास मला माहीत होता. तिच्या माहेरचा ओव्हन बंद पडला तेव्हा मी दुरुस्त करायला गेलो होतो. मिश्रण तयार होतं, म्हणून नीट तापतोय का बघायला थांबलो. तेवढ्यात आतून एक मुलगी धावत आली, मला बाजूला ढकललं आणि म्हणाली, "झाला!"

"बंद कर!" मी ओरडलो.

"नक्की?"

"तू मला ढकललंस ना, तेव्हाचा वास आहे हा."

पुढे एक शब्दही न विचारता तिने बटण बंद केलं.

केक भांड्याच्या कडेपासून सुटला होता. मधोमध बोट दाबलं की परत वर येत होता. ती वाकली, वाफेत तोंड घातलं. चष्मा धुरकट झाला तरी उठेना.

"येतोय?" न राहवून विचारलं.

"नाही." चष्मा न पुसताच ती म्हणाली, "आठवतो हो, अगदी जसाच्या तसा. येत नाही फक्त."

आयुष्यभर तुटलेल्या वायरी जोडल्या मी. ही एक सापडत नव्हती. माझं नाक कापून देता आलं असतं तर दिलं असतं.

"तुम्ही सांगा ना," ती म्हणाली. ती डोळे मिटून स्टुलावर बसली आणि मी सांगू लागलो. आधी लोणी, मग साल, मग लवंग. जायफळ काही सापडेना. मध्येच फोन वाजला. वहिनी होती, भांडं न्यायला कधी येऊ विचारत होती.

"नाही गं, राहू दे माझ्याकडे," बायको म्हणाली. "यांना अजून जायफळ ओळखता येत नाही."

फोन ठेवून तिने परत डोळे मिटले.

"हं. लवंगेनंतर काय?"