मतदानाची घंटा आणि दोन चहा

बाजूने

"बाबा, संध्याकाळच्या दोघांच्या एकत्र सभेत समोरचा उमेदवार पुन्हा तेच उगाळणार," उमेदवार मुलगी म्हणाली. "‘हिच्या वडिलांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला आणि ऐन मतदानाला शेपूट घातली!’ नोंदीत तुम्ही गैरहजर. मी काय सांगू?"

माजी खासदार चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

विरोधात

बाबांना आठवला समोरच्या बाकावरचा मिशी! भरघोस मिशांवरून पडलेलं नाव. सभागृहात बाबा आणि तो एकमेकांची सालटी काढायचे आणि बाहेर आले की उपाहारगृहात एकाच बशीतली बिस्किटं खायचे.

"तुझा आयोग म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," मिशी म्हणायचा.

"मग तू घाबरतोस कशाला?"

"किल्ल्या मला मिळणार नाहीत म्हणून!"

काय दिवस होते. भांडणालासुद्धा चव होती.

गैरहजर

मतदानाच्या आदल्या दिवशी मिशी खांबाला टेकून उभा. "दारू सोडायला भरती होतोय. आज नाही गेलो तर कधीच नाही. जोडी जुळवशील? कुणाला बोलू नकोस."

जोडी म्हणजे सभागृहाची जुनी रीत. एका बाजूचा अडला, की दुसऱ्या बाजूच्या एकाने बाहेर राहायचं. पारडं होतं तिथेच राहतं.

दुसऱ्या दिवशी मतदानाची घंटा वाजली. सगळे धावले. बाबा उपाहारगृहात बसून राहिले. सवयीने चहा दोन मागवले होते. आयोग मंजूर झाला. टाळ्या भिंतीपलीकडून ऐकू आल्या. हयातीचं काम, आणि शेवटचा हात मात्र लावता आला नाही. दुसऱ्या कपावर साय धरली.

मिशी सुटला तो सुटलाच. मरेपर्यंत थेंबाला शिवला नाही.

संध्याकाळी उगाळणार होता तो मिशीचाच मुलगा.

फेरमतदान

"त्याला ठाऊक आहे?" सगळं ऐकून मुलीने विचारलं.

"बापाने सांगितलं नसावं."

"मी सांगितलं तर निवडणूक खिशात, बाबा."

"शब्द मी दिला होता, तू नाही. तुझं तू ठरव."

सभेत बाबा शेवटच्या रांगेत बसले. त्याने उगाळलं. मुलगी उठली. बाबांनी डोळे मिटले.

"होते गैरहजर. तीच नोंद एक ओळ खाली वाचा. तिथे तुमच्या वडिलांचं नाव आहे. दोघं का नव्हते, ते माझ्या बाबांना विचारा. इथे नको. चहा ते पाजतील."

लोक हसले. तो हसला नाही.

सभा पांगली. रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत तो येताना दिसला. मिशी नव्हती, पण चाल तीच.

बाबांनी चहावाल्याला दोन बोटं दाखवली.