राख, सोडा आणि रिठे

टांगा विकला तेव्हा रखमाजीला वाटलं होतं, आता आपलंही काम संपलं. पण भोरच्या आनंदराव वकिलांनी घोड्याच्या जागी काळी मोटार आणली आणि घोडा धुणाऱ्या रखमाजीलाच मोटार धुवायला ठेवून घेतलं. मोटार ठेवायच्या छपराशेजारची खोली कामाबरोबरच मिळालेली. गुडघे कधीच गेले होते. दुसरं कोण त्याला कामावर घेणार होतं?

टांग्याचं पितळ तो राखेनं घासायचा. त्याच सवयीनं त्यानं मोटारीलाही राख लावली. बायकोनं, सगुणाबाईनं, फडक्यातून गाळलेली, पिठासारखी मऊ राख. इंजिनावरच्या पत्र्यावर घासून पाणी मारलं. ओलं होतं तोवर छान दिसलं. वाळल्यावर तिथं तळहाताएवढा पांढुरका डाग उमटला, सगळा बारीक ओरखड्यांचा.

"हे काय केलंस, रखमाजी?" वकिलांनी विचारलं.

"राख लावली जी. गाळलेली हुती."

"ही काय समई आहे?" वकील ओरडले नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं. "रविवारी साताऱ्याचे पाहुणे आणायचेत. आणखी कुठं रंग गेला, तर मी पुण्याहून धुणारा माणूस आणीन. मग तू गावी जा. विश्रांती घे."

विश्रांती म्हणजे विंझरला पुतण्याच्या ओसरीवर, सुनेच्या तोंडाकडं बघत बसणं.

"आता सोडा घ्या," रात्रीच्या भाकरी थापता थापता सगुणाबाई म्हणाली. "धुनं बगा कसं लख्ख निगतंय."

"व्हय. अन् तुज्या लुगड्याचा काठ कुठं गेला?"

तिनं पदराकडं पाहिलं. काठ होता, रंग नव्हता.

"लुगड्याचं ऱ्हाऊ द्या. मोटार बुडवा एकदाची अन् निजा सुकानं."

त्याला हसू आलं, पण झोप आली नाही.

सकाळी तो स्वैपाकघराच्या मागच्या दाराशी उभा राहिला. वकिलांच्या पत्नी मालिनीबाई ताक घुसळत होत्या.

"बाईसाहेब, तुमी पैठणी कशानं धुता?"

"का रे? मोटारीला नेसवतोस की काय?"

"न्हाई जी. पर तिचा रंग टिकतोय."

त्या हसल्या आणि मूठभर रिठे त्याच्या ओंजळीत टाकले. "उकळ, गाळ, गार कर. आणि चोळायचं नाही हं. नुसतं फिरवायचं."

रखमाजीनं रिठ्याचं पाणी आधी मागच्या चाकावरच्या पत्र्याला, आतल्या बाजूनं लावलं. धुतलं, वाळू दिलं. रंग तसाच राहिला. मग रविवारी पहाटेच मोटार सावलीत असताना त्यानं आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहवून दिली, आणि जुन्या मऊ धोतरानं फेस फिरवला. चाकांशी बसलं की उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. तो पत्र्याला हात न लावता जमिनीवर टेकून उठायचा.

मोटार चमकली. डाग मात्र तिथंच होता, उलट जास्तच नजरेत भरत होता.

वकिलांनी त्यावरून बोट फिरवलं. "हा गेला नाही."

"त्यो जायचा न्हाई जी. घासाय गेलो तर वाडंल."

वकील मोटारीला चक्कर मारून आले. एकदा मागं वाकून पाहिलं, एकदा पुढं. रखमाजी भिंतीला पाठ लावून उभा होता. धोतर पिळायचंही त्याला सुचेना.

"बाकी रंगाला काही झालेलं नाही," वकील शेवटी म्हणाले. "ठीक आहे. रोज असंच धुवायचं."

"रोज जी?"

"रोज."

वकील मोटार घेऊन नसरापूरच्या फाट्याकडं गेले. सगुणाबाई दारात आली.

"आपून ऱ्हायलो का?"

"ऱ्हायलो."

"मग तोंड असं का?"

रखमाजी पायरीवर टेकला. मोटारीमागं उठलेली धूळ अजून रस्त्यावर बसायची होती. पाहुण्यांना घेऊन मोटार दुपारपर्यंत परत येणार होती, धुळीनं माखूनच. त्यानं गुडघ्यावर हात ठेवला, उठला, आणि घागर घेऊन आडाकडं निघाला.