मासळीशेजारची कुपी

मी लसीची एक जुनी कुपी आहे, आणि माझ्या पोटात जे साचले आहे ते माझे मलाच बघवत नाही. तळाशी पांढऱ्या गुठळ्या आणि वर नितळ पाणी. मित्रांनो, गुठळ्या एक वेळ परवडल्या, पण त्या नितळ पाण्याची मला जास्त शिसारी येते. दिसायला ते इतके साळसूद आहे की कोणालाही फसवील.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. कारखान्यात माझी काच वाफेने धुतली गेली. नखशिखांत झाकलेल्या माणसांनी माझ्यात दुधासारखे पांढरे औषध भरले. त्यात घटसर्पाच्या विषाचा नमुना होता, नांगी मोडलेल्या विंचवासारखा. दिसायला तोच, पण दंश नाही. त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण होते, तुरटीच्या भावकीतले. लसीतल्या अशा जोडीदाराला शास्त्रज्ञ ॲडज्युव्हंट म्हणतात.

आता हा जोडीदार कशाला, असे तुम्ही विचाराल. नमुना एकटा असला की फार सज्जन असतो. शरीरात शिरतो, कोणाच्या अध्यातमध्यात पडत नाही आणि गुपचूप वाहून जातो. पहारेकरी पेशी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. क्षाराचा कण मात्र पक्का उपद्रवी. तो नमुन्याला अंगाला चिकटवून घेतो आणि सुई टोचलेल्या मांडीत ठाण मांडतो. शेजारच्या पेशी चिडतात, काही फुटतात, त्यांच्यातली घाण बाहेर सांडते. मग पहारेकरी धावत येतात, कण गिळतात, आणि गिळल्यावर त्यांच्या पोटात कळ उठते. ते तसेच, नमुन्याचा तुकडा मिरवत, जवळच्या, जांघेतल्या लसिकागाठीत जातात आणि तिथल्या नवशिक्या पेशींना दाखवतात. हे तोंड पुन्हा दिसले तर सोडू नका, एवढाच त्यांचा निरोप. त्यातून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात, आणि काही पेशी ते तोंड वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

सगळ्या लसींतले जोडीदार सारखे नसतात. आमचा क्षार मुख्यतः प्रतिपिंडे बनवणाऱ्यांना जागे करतो, तर दुसऱ्या काही लसींतले जोडीदार आजारी पेशींना शोधून मारणाऱ्यांनाही हाक देतात. कोणाला उठवायचे आणि किती जोरात, हे बरेचसे जोडीदाराच्या हातात असते. सोप्या भाषेत सांगायचे, तर मी शरीराला किळस शिकवायला निघाले होते.

आणि मला ठेवले कुठे, तर एका दवाखान्याच्या फ्रीजमध्ये! दार उघडताच माझ्या नशिबी काय वाढून ठेवले आहे ते कळले. एका कोपऱ्यात लव आलेले अर्धे लिंबू. दारात कोणाची तरी लघवीची बाटली आणि तिला खेटून चहाचे दूध. मधल्या फळीवर काहीतरी सांडून वाळले होते आणि त्यात एक केस अडकला होता. दार उघडणारा प्रत्येक जण नाक मुरडायचा, हवी ती वस्तू घ्यायचा आणि दार लावायचा. फडके घेऊन कोणी आले नाही.

त्यात कंपाउंडरने मासळीची पिशवी आणून ठेवली. लसीकरणाचे काम ज्या सिस्टरांकडे होते, त्या वासाने दोन पावले मागे सरल्या.

“अहो, हे काय ठेवलंत? लसीचा फ्रीज आहे हा!”

“घरचा फ्रीज बंद पडलाय सिस्टर. पिशवी घट्ट बांधलीय की. संध्याकाळी नेतो.”

संध्याकाळी त्याने ती नेली नाही, दुसऱ्या दिवशीही नेली नाही. पिशवीला भोक होते. गुलाबी, चिकट पाणी फळीवरून मी आणि माझ्या बहिणी ज्यात होतो त्या खोक्याकडे सरकू लागले. त्या पाण्याचा ओघळ आठवला की अजूनही माझ्या काचेवर काटा येतो. सिस्टरांना किळस आली, आणि मित्रांनो, इथेच घात झाला. त्यांनी मासळी बाहेर काढली नाही. आमचे खोके उचलले आणि पार मागे, बर्फ धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवले. तिथे स्वच्छ होते आणि गारही जास्त. लस जितकी गार तितकी चांगली, असे त्या घाईत त्यांना वाटून गेले.

आम्ही गोठलो. बर्फ आवळत गेला तसे क्षाराचे कण एकमेकांवर चेपले जाऊन त्यांच्या गुठळ्या झाल्या. अंगाला चिकटलेला नमुना सुटून पडला. जोडी फुटली. सकाळी बराच वेळ वीज नव्हती, त्यात आम्ही पुन्हा वितळलो आणि वरवर पूर्वीसारख्याच दिसू लागलो. त्याच सकाळी लसीकरण होते. सिस्टरांनी माझ्या शेजारची कुपी काढली, खळखळ हलवली आणि बाळांना टोचली. रांगेत पहिली होती त्यांची स्वतःची नात. लेक तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मागच्या गल्लीतल्या एका मुलाला घटसर्प झाला. सिस्टर त्याला बघून आल्या आणि थेट मोरीत जाऊन ओकल्या. घशात राखाडी, ओल्या कातड्यासारखा पडदा धरला होता आणि श्वासाला कुजका वास येत होता, असे त्या कंपाउंडरला सांगत होत्या. मग गल्लीतल्या बाकीच्या मुलांसाठी लस काढायला त्यांनी फ्रीज उघडला आणि खोके ओढले. ते निघेना. मागची बाजू भिंतीच्या बर्फात रुतली होती.

लस गोठली असणार हे सिस्टरांच्या ध्यानात आले; त्यांनी एक कुपी काढून उजेडात धरली.

“पातळच आहे की सगळी,” कंपाउंडर म्हणाला. “गोठली असती तर दगड झाला असता. टोचून टाका, कुणाला कळणार आहे?”

“माझ्या नातीच्या घशाला कळेल,” सिस्टर म्हणाल्या.

संशय आला तर लस पारखायची एक रीत आहे. त्याच खोक्यातली एक कुपी मुद्दाम पुरती गोठवायची, वितळवायची, आणि संशयित कुपीबरोबर हलवून शेजारी ठेवायची. गोठलेलीचा गाळ भराभर खाली बसतो, चांगली कुपी बराच वेळ दुधाळ राहते. त्या गोठवण्यासाठी सिस्टरांनी मला उचलले. मी दगड झाले, वितळले, आणि टेबलावर माझ्या संशयित बहिणीशेजारी उभी राहिले. माझा गाळ झपाट्याने तळाशी गेला. तीही त्या रात्री गोठली होती हे ठाऊक असूनही, बहिणीने तरी दुधाळ राहावे म्हणून मी जीव मुठीत धरून बघत होते. तिचाही गाळ माझ्या बरोबरीने खाली बसला.

कंपाउंडर खूश झाला. “बघा, दोन्ही सारख्या! म्हणजे दोन्ही चांगल्या.”

“दोन्ही सारख्या, म्हणजे दोन्ही मेल्या,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी फ्रीजमध्ये अजून तशीच असलेली मासळीची पिशवी उचलली, आणि ती ज्या तऱ्हेने त्याच्या हातात कोंबली, ते बघून मला बरे वाटले.

नवी लस आली तशी त्यांनी त्या दिवशीच्या सगळ्या बाळांना परत बोलावले. त्यांची लेक संतापून आली.

“परत टोचायचं? सासरी काय सांगू मी, माझ्या आईनं पाणी टोचलं म्हणून?”

“तसंच सांग. मी येऊन सांगू?”

लेकीने बाळाची मांडी उघडी केली आणि तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. “आई, हे बघ काय करून ठेवलंस! मांडी लालबुंद झालीये, टणक लागतेय. रात्रभर रडली. आधीच्या वेळी चकार शब्द काढला नव्हता पोरीनं!”

सिस्टरांनी त्या लाल, तापलेल्या गाठीवर अलगद बोट ठेवले. सूज न येताही लस लागू पडते आणि सूज म्हणजे खात्री नव्हे, हे त्यांना चांगले ठाऊक होते. तरीही त्यांचे डोळे भरून आले. “रडू दे गं,” त्या म्हणाल्या. “आत कुणीतरी जागं झालंय.” लेकीने बाळ आईच्या मांडीवर ठेवले.

नातीला घटसर्प झाला नाही. त्या बाळांपैकी कोणालाच झाला नाही.

माझ्यावर लाल फुली मारून सिस्टरांनी मला कपाटात ठेवले आहे. इथे धूळ आहे, झुरळे आहेत, आणि एक तर माझ्या टोपीवरच चढते. त्याबद्दल मी बोलायलाच लागले तर तुमचे जेवण जायचे नाही. मित्रांनो, एवढेच ऐका. नाक मुरडणे फार सोपे असते. किळस आली तर चांगल्या वस्तूला कोपऱ्यात ढकलू नका, घाणीला हात घालून ती बाहेर काढा.

फ्रीजला आता कुलूप आहे. परवा बदलीवर एक नव्या सिस्टर आल्या. आमच्या सिस्टरांनी मला त्यांच्यासमोर हलवून ठेवले आणि त्या सकाळच्या लसीकरणाची गोष्ट सांगितली. माझ्या गुठळ्या भराभर तळाशी गेल्या आणि वर ते नितळ पाणी उरले.

“शी!” नव्या सिस्टर म्हणाल्या. “हे बाळांना गेलं होतं?”

आमच्या सिस्टरांनी होकारार्थी मान हलवली आणि फ्रीजची किल्ली त्यांच्या हातात दिली.